समाधी योकोसुकाला, हाडं हिरादोला

योकोसुका हे जपानचं आरमारी बंदर. तिथल्या त्सुकायामा टेकडीवर चेरीच्या झाडांत दोन दगडी मनोरे शेजारी-शेजारी उभे आहेत, बौद्ध स्मृतिस्तंभांच्या घडणीचे. एक मिउरा अंजिनचा, दुसरा त्याच्या जपानी बायकोचा. टेकडीजवळच्या रेल्वे स्टेशनचं नावही अंजिनझुका.

हा अंजिन जन्माने इंग्रज. खरं नाव विल्यम अ‍ॅडम्स, बाप्तिस्मा १५६४ साली केंटमधल्या जिलिंगहॅमला. ‘शोगुन’ मालिकेतला ब्लॅकथॉर्न त्याच्यावरूनच बेतला आहे. मालिकेतली तलवारबाजी सोडा. हा गडी लंडनजवळच्या लाइमहाउसच्या गोदीत बाराव्या वर्षापासून जहाजबांधणी शिकलेला होता. १५९८ मध्ये रॉटरडॅमहून पाच डच जहाजं निघाली, त्यांत तो वाट दाखवणारा तांडेल होता. त्यांतलं एकच, ‘लीफ्डे’, एप्रिल १६०० मध्ये क्यूशूच्या किनाऱ्याला लागलं. वाचलेल्या जेमतेम दोन डझन माणसांत स्वतःच्या पायावर उभे राहू शकणारे मोजकेच. हे चाचे आहेत, मारून टाका, असा पोर्तुगीज जेझुइटांचा आग्रह होता. पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इयेयासूने तो मानला नाही. त्याने अ‍ॅडम्सला समोर बसवून प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि त्याला कामाला लावलं. ऐंशी टनांचं जहाज झालं, मग एकशेवीस टनांचं. बदल्यात समुराईचा दर्जा आणि मिउरा द्वीपकल्पातल्या हेमी गावची जहागीर मिळाली. इंग्लंडला परतायची परवानगी मात्र बरीच वर्षं मिळाली नाही. मिळाली तेव्हा तो गेला नाही. तिकडे बायको-मुलगी होती, इकडे दुसरा संसार. मृत्युपत्रात त्याने मालमत्तेचे दोन भाग करून दोन्ही घरांत वाटले. माणूस हिशोबाला पक्का होता.

१६ मे १६२० रोजी तो वारला, तो योकोसुकाला नव्हे, तर दूर पश्चिमेला हिरादो बंदरात. एदो शहर (आजचं टोक्यो) दिसेल अशा टेकडीवर मला पुरा, असं त्याने सांगितल्याची आख्यायिका योकोसुकाकडे आहे. हिरादोत मात्र १९३१ साली एका जुन्या थडग्यात हाडं सापडली. २०१७ मध्ये ती पुन्हा उकरून तपासली, तेव्हा ती उत्तर युरोपीय वंशाच्या मध्यमवयीन पुरुषाची निघाली. ती अ‍ॅडम्सचीच असण्याची शक्यता दाट आहे. याच हिरादोला १५५० मध्ये जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर येऊन गेला होता. त्याचं शव ओल्ड गोव्यात चारशेहून अधिक वर्षं जपलं गेलं. तांडेलाच्या वाट्याला तशी निगराणी आली नाही.

टेकडीवरचे मनोरेही कुणी सांभाळले नव्हते. १८७२ साली जेम्स वॉल्टर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ते शोधून काढले, तेव्हा ते दुर्लक्षितच पडले होते. पुढे १९०२ साली ब्रिटन-जपान मैत्रीचा करार झाला आणि जुना इंग्रज एकदम दोन्ही सरकारांच्या सोयीचा ठरला. डागडुजी झाली, बाग आली, १९२३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही मिळाला. गंमत म्हणजे तो करार त्याच वर्षी संपुष्टात आला. दगड मात्र राहिला.

तरीही मला हिरादोपेक्षा योकोसुकाची समाधी खरी वाटते. हिरादोत त्याची नोकरी होती. जमीन आणि गाव इथे, हेमीला. वस्ती करून राहिलेल्या माणसाची खूण त्याच्या गावातच शोधावी. कामाकुराचा बुद्ध पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी अर्धा दिवस जास्त काढून अंजिनझुकाला उतरावं. एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर चेरीही फुललेली असते.