माशांच्या खाद्यात खनिजे कशासाठी?

मासा खनिजे फक्त खाद्यातून मिळवत नाही. कॅल्शियम तो कल्ल्यांवाटे थेट पाण्यातून शोषून घेतो. फॉस्फरसचे मात्र तसे नाही. पाण्यात तो अत्यल्प असतो, त्यामुळे हाडे आणि खवले घडवणारे हे खनिज खाद्यातूनच द्यावे लागते. ते कमी पडले तर वाढ खुंटते आणि सांगाडा वाकडा होतो.

आपल्या तळ्यांतल्या रोहू, कटला, मृगळ या माशांचे खाद्य म्हणजे मुख्यतः भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. त्यात फॉस्फरस भरपूर असतो. पण त्यातला बराचसा फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि ते फोडणारे विकर माशांकडे जवळजवळ नसते. हेच फायटेट जस्तही बांधून ठेवते. जस्ताच्या कमतरतेने माशांना मोतीबिंदू होऊ शकतो.

मग खाद्यात मासळीची कुटी घालावी का? तिच्यातला फॉस्फरस हाडांतला असतो. तो विरघळायला जठरातले आम्ल लागते आणि कार्प कुळातल्या या माशांना जठरच नसते. म्हणून त्यांना मोनोकॅल्शियम फॉस्फेटसारखे सहज विरघळणारे क्षार मानवतात. खाद्यात फायटेज हे विकर मिसळले, तर कोंडा-पेंडीतला फॉस्फरसही मोकळा होतो.

तरीही मात्रा बेतानेच हवी. न पचलेला फॉस्फरस पाण्यात उतरतो, शेवाळ माजते आणि पहाटे प्राणवायू घटून मासळी दगावू शकते.