आयर्लंडला उतरायचं कुठं?

परदेशात फिरायचं म्हटलं की आपल्याला दोनच वाटा ठाऊक असतात. एक तर टूर कंपनीचं पॅकेज घ्यायचं, नाहीतर लेकीकडे-मुलाकडे राहून जमेल तेवढं आसपास बघायचं. पॅकेजचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो. आणि मुलांकडे राहायचं तर त्यांच्या सुट्टीवर आपलं फिरणं अवलंबून. आयर्लंडमध्ये मात्र तिसरी वाट आहे. तिला म्हणतात बी अँड बी, म्हणजे बेड अँड ब्रेकफास्ट. आपल्याकडे एमटीडीसीची 'निवास न्याहारी' योजना आहे ना, तसलाच प्रकार. कुणाच्या तरी राहत्या घरातल्या तीन-चार खोल्या, रात्रीचा मुक्काम आणि सकाळी घरमालकिणीच्या हातची पोटभर न्याहारी.

मी आणि माझ्या नणंदबाई २०२३ च्या मे महिन्यात गेलो होतो. वन्संची लेक डब्लिनला नोकरी करते. तिची जागा एका खोलीची. चार दिवस तिच्याकडे काढले आणि मग सात रात्रींसाठी आम्ही दोघीच देशाच्या पश्चिमेला गेलो. वन्सं चौसष्टच्या, मी एकोणसाठची. पैसे भिशीचे आणि माझ्या शिकवण्यांचे. त्यामुळे कुठं किती गेले ते सगळं वहीत टिपलेलं आहे. परत आल्यापासून मैत्रिणी विचारतायत, म्हणून ती वहीच तुमच्यापुढे उघडते.

दराची भाषा आधी समजून घ्या

तिथं पुष्कळ घरांचा दर 'पर पर्सन शेअरिंग' असा सांगतात. ५० युरो असं लिहिलेलं असेल तर ते एका माणसाचे, आणि तेही खोलीत दोघं असतील तर. म्हणजे खोलीचे झाले १००. एकटी बाई गेली तर तिला ५० मध्ये खोली मिळत नाही, वर 'सिंगल सप्लिमेंट' म्हणून जादा रक्कम द्यावी लागते. म्हणून कुणीतरी जोडीला असलेलं बरं. तिघी असाल तर 'ट्रिपल' किंवा 'फॅमिली रूम' विचारा, माणशी खर्च आणखी उतरतो.

दुसरा शब्द 'ट्विन'. ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग, डबल म्हणजे एकच मोठा. नणंद-भावजयीनं कोणती खोली घ्यावी हे मी सांगायला नको! तिसरा शब्द 'ऑन स्वीट', म्हणजे खोलीला जोडून न्हाणीघर. ते नसेल तर खोली स्वस्त असते, पण रात्री व्हरांड्यातून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर पाच-दहा युरोंसाठी हा ताप घेऊ नये.

आणि न्याहारी दरात धरलेली आहे ना, हे दर वेळी विचारायचं. हल्ली ऑनलाइन दिसणाऱ्या घरगुती खोल्यांमध्ये पुष्कळदा फक्त बेड असतो, ब्रेकफास्ट नसतोच. खोली दहा युरोंनी स्वस्त दिसते आणि बाहेर दोघींच्या नाश्त्याला पंचवीस जातात.

कधी जावं, कुठं उतरावं

जुलै-ऑगस्ट हा तिथला गर्दीचा हंगाम. मे आणि सप्टेंबर त्यामानानं स्वस्त, आणि उजेडही भरपूर. मेमध्ये रात्री नऊ वाजताही लख्ख दिसत होतं. नोव्हेंबर ते मार्च बरीच घरं पाहुणे घेत नाहीत. मे, जून आणि ऑगस्टचा पहिला सोमवार तिथं सुट्टीचा, त्यामुळे त्याला लागून येणारे शनिवार-रविवार टाळा. गॉलवेला जुलैअखेर घोड्यांच्या शर्यती असतात, ट्रॅलीला ऑगस्टमध्ये 'रोझ ऑफ ट्रॅली' नावाचा उत्सव. क्लेअर परगण्यातल्या लिस्डूनवार्ना या छोट्या गावात तर सप्टेंबरमध्ये चक्क लग्नं जुळवायची जत्रा भरते. त्या दिवसांत आसपासच्या गावांतही खोली मिळणं मुश्कील.

डब्लिनमध्ये स्वस्ताईची आशा फार धरू नका. २०२२ पासून युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांसाठी तिथल्या सरकारनं देशभर पुष्कळ हॉटेलं घेतली होती, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा खोल्यांची टंचाईच होती. डब्लिनला घरचं कुणी नसेल तर विमानतळाच्या वाटेवरचा ड्रमकॉन्ड्रा भाग किंवा 'डार्ट' या लोकल गाडीच्या मार्गावरचं ब्रे किंवा डन लेरी पाहा, आणि मुक्काम दोन रात्रींपुरताच ठेवा.

गाडी चालवणारं कुणी सोबत नसेल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर बसथांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं. फोटोत समुद्रकाठचं सुंदर घर दिसतं, दरही कमी असतो, आणि ते गावापासून चार किलोमीटरवर निघतं. रस्त्याला दिवे नाहीत, फूटपाथ नाही. टॅक्सीत सगळी बचत जाते. गॉलवेला आम्ही कॉलेज रोडवर उतरलो, बसस्थानक तिथून बॅग ओढत जाता येईल इतकं जवळ. तिथून ३५० नंबरच्या बसनं डूलिनला गेलो. हीच बस क्लिफ्स ऑफ मोहरलाही थांबते. समुद्रातून सरळ वर उठलेले, २१४ मीटरपर्यंत उंच असे ते कडे आहेत. मग किलार्नीला मक्रॉस रोडवर राहिलो. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यान, दोन्हीकडे पायीच जायचं.

शोधायचं कसं

फॉल्चा आयर्लंड ही तिथली सरकारी पर्यटन संस्था. 'फॉल्चा' म्हणजे त्यांच्या भाषेत स्वागत. तिनं तपासून मान्यता दिलेल्या घरांवर शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या हिरव्या पाल्याची खूण असते. अशी खूण नसली म्हणजे घर वाईट असं नाही, पण आपल्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांना तो आधार वाटतो. 'बी अँड बी आयर्लंड' ही घरमालकांची संघटना आहे, तिच्या यादीतही गाववार घरं मिळतात.

बुकिंगच्या मोठ्या साइटवर घर बघून ठेवावं आणि मग घरमालकिणीलाच फोन किंवा ईमेल करावा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेचार तास पुढे असतं. संध्याकाळी साडेसातला दिवा लावून झाला की फोन करायचा, तिथं दुपारचे तीन वाजलेले असतात आणि बाई कामातून मोकळी झालेली असते. त्यांचं इंग्रजी भरभर असतं. नाही कळलं तर "ईमेल करा" म्हणून सांगायचं, कुणी हसत नाही.

घासाघीस तिथं चालत नाही, पण नीट विचारलेलं चालतं. "तीन रात्री राहणार आहोत, काही कमी होईल का?" एवढंच मी किलार्नीला विचारलं. रात्रीचे १२० चे ११० झाले. विचारायच्या गोष्टी अशा: दर माणशी की खोलीचा, न्याहारी धरून का, बसथांब्यापासून किती मिनिटं, खोली कितव्या मजल्यावर (लिफ्ट नसतेच), पैसे रोख की कार्डानं, आणि रद्द केलं तर किती कापणार.

शेवटचा प्रश्न व्हिसासाठीही महत्त्वाचा. आयर्लंड शेंगेन देशांत नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि अर्जात कुठं राहणार ते दाखवावं लागतं. म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत फुकट रद्द होईल असंच बुकिंग ठेवावं.

शाकाहारी पोटाचं काय?

आयरिश न्याहारी म्हणजे ताटभर जेवणच. पण त्यात डुकराच्या मांसाचे काप, सॉसेज आणि 'ब्लॅक पुडिंग' असतं. पुडिंग या नावावर जाऊ नका, ते रक्त घालून केलेलं असतं. 'व्हाइट पुडिंग'मध्येही मांस असतंच. बुकिंग करतानाच 'व्हेजिटेरियन' म्हणून सांगा, आणि अंडी खात असाल तर ती वेगळ्या तव्यावर करा, हेही सांगा. एकदा सांगितलं की मग काही उणं पडत नाही. ओटची गरम लापशी, भाजलेले टोमॅटो, मश्रूम, बीन्स, लोणी, मुरंबा आणि ताजा सोडा ब्रेड. हा ब्रेड यीस्टवर नाही, ताक आणि खायच्या सोड्यावर फुगवतात. वन्संनी ते ऐकल्यावर दुसरा तुकडा मागून घेतला. चहा कडक, दूध घालून, हवा तितका. खोलीतही किटली ठेवलेली असते. संकष्टीच्या दिवशी सकाळी उकडलेले बटाटे मिळाले. बटाट्याच्या देशात उपासाची काय चिंता!

साडेआठला असं खाल्लं की दुपारी एखाद्या फळावर भागतं. संध्याकाळी पबमध्ये भाजीचं सूप आणि ब्राऊन ब्रेड. पब म्हटलं की आपण बिचकतो, पण तिथं आज्या नातवंडांना घेऊन जेवायला येतात. सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का, तेवढं विचारून घ्या.

बाकी बारीकसारीक: आपली तीन पिनांची प्लग तिथं बसत नाही, चौकोनी पिनांचा अडॅप्टर न्या. न्हाणीघरात छतापासून एक दोरी लोंबत असेल तर ती ओढल्याशिवाय शॉवरला गरम पाणी येत नाही. पोचायची वेळ आधी कळवा, कारण दार उघडायला रिसेप्शन नसतं, बाई स्वतः थांबलेली असते.

दरात न धरलेली मजुरी

डूलिनची आमची घरमालकीण त्र्याहत्तर वर्षांची. दुसऱ्या दिवशी पावसानं आम्हाला घरातच अडकवलं, तेव्हा तिनं चहा केला आणि गप्पा निघाल्या. ती लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सरकारी नोकरीत होती. आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत 'मॅरेज बार' होता. सरकारी नोकरीतल्या बाईचं लग्न झालं की तिला नोकरी सोडावी लागे. हिचं लग्न १९७१ चं. दोन वर्षांनी नियम उठला, तोवर पदरात मूल होतं. गाईंचे आणि गवताचे पैसे नवऱ्याच्या हातात यायचे. मग तिनं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. उन्हाळाभर मुलं माळ्यावर झोपायची. "तिन्ही मुलं कॉलेजात गेली ती या टेबलावरच्या न्याहारीवर," ती म्हणाली.

वन्संनी मला तिला विचारायला लावलं, इतक्या कमीत कसं परवडतं? तिनं बोटं मोडून हिशेब सांगितला. अंडी-ब्रेड, चादरी धुणं, घर गरम ठेवायचं तेल, आणि साइटवरून पाहुणा आला तर साइटचं कमिशन. "आणि माझी मजुरी मी धरतच नाही," असं म्हणून ती हसली. वन्सं हसल्या नाहीत. चाळीस वर्षं आमच्या घरचा आणि त्यांच्या सासरचा आल्यागेल्याचा राबता त्यांनी सांभाळलाय, मजुरी न धरता. त्या रात्री त्या मला एवढंच म्हणाल्या, "वहिनी, सात सकाळी कुणीतरी आयतं ताट आपल्या पुढ्यात ठेवतंय. त्याचे पैसे मोजताना मला जड नाही वाटत."

तेव्हापासून 'स्वस्त' शब्दाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. खोली स्वस्त असते, कारण त्या घरातली बाई पहाटे उठते आणि त्याचा दर लावत नाही. म्हणून थेट तिच्याकडेच बुकिंग करा, म्हणजे कमिशनचे पैसे तिच्याकडे राहतील. येणार नसाल तर वेळेवर कळवा, चार खोल्यांच्या घरात एक रिकामी खोली म्हणजे दिवसाची पाव कमाई. टिप देण्याची तिथं पद्धत नाही, पण अभिप्रायाच्या वहीत चार ओळी जरूर लिहा. आम्ही मराठीतच लिहिल्या आणि खाली इंग्रजीत अर्थ दिला.

आता आमचा हिशेब. गॉलवेच्या दोन रात्री १२० युरोंनी २४०, डूलिनच्या दोन रात्री १०० नी २००, किलार्नीच्या तीन ११० नी ३३०. दोघींचे मिळून ७७० युरो, म्हणजे माणशी ३८५. तेव्हा युरो साधारण ९० रुपयांना होता, त्या हिशेबानं एकीचे ३४,६५० रुपये, सात रात्री आणि सात न्याहाऱ्या धरून. गॉलवेतल्या साध्या हॉटेलनं त्याच तारखेला एका रात्रीचे १९० सांगितले होते, न्याहारी सोडून. दर आता पुढे गेले असतील, तेव्हा आकडे तुमचे तुम्ही ताजे काढा. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच फोन लावायला घ्या, बसथांब्याजवळची घरं आधी भरतात.