दगडाखालचे शेजारी आणि त्यांची नावे

या स्मरणिकेत शाळेच्या इमारतींविषयी, निकालांविषयी आणि शाळेसाठी झिजलेल्या माणसांविषयी इतरत्र लिहिले गेले आहे. आम्ही मात्र आवारातल्या अशा रहिवाशांविषयी लिहिणार आहोत, ज्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटात नाही. वसतिगृहाच्या मागे, मोरीचे पाणी जेथे बागेत सोडले आहे, तेथे दगडांचा एक जुना बांध आहे. मृग नक्षत्राच्या पहिल्या सरीनंतर त्यातला एखादा दगड उचलला की खाली गांडुळे दिसतात, वाणी दिसतो, एखादी गोम सरकन निघून जाते. त्यांच्याबरोबर दिसतात राखाडी रंगाचे, चपट्या पाठीचे, शेंगदाण्यापेक्षाही लहान असे किडे. त्यांतल्या काहींना बोट लावले की ते अंग गुंडाळून गोळी होऊन बसतात. येथे राहून गेलेल्या प्रत्येकाने तो दगड एकदा तरी उचललेला आहे, असे आम्ही खात्रीने म्हणू शकतो.

दगड उचलला की दुसरी गोष्टही होते. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या वेगवेगळ्या पाड्यांवरून आलेली मुले भोवती जमतात आणि नावांवरून वाद सुरू होतो. वारली घरातला मुलगा एक नाव सांगतो, कोकणा घरातली मुलगी दुसरे, महादेव कोळी घरातला तिसरे, आणि घाटावरून आलेले शिक्षक चौथे. त्या राखाडी गोळीलाही कोणी ‘पैसा’ म्हणून मोकळा होतो आणि लगेच दुसरा त्याला हरकत घेतो, कारण त्याच्या घरी पैसा म्हणजे वाणी.

या गोळीपासूनच सुरुवात करू. तिला आपण किडा म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने ती कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. या जिवाला पायांच्या सात जोड्या, म्हणजे चौदा पाय असतात. तो खेकडा आणि कोळंबी यांच्या कुळातला, कवचधारी प्राणी आहे. त्याचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले, पण पाण्याची गरज पूर्ण सुटली नाही. श्वास घेण्याचे त्याचे अवयव ओलसर राहावे लागतात, म्हणून तो दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली आणि पाचोळ्यात राहतो. मादी अंडी जमिनीवर टाकत नाही. पोटाखालच्या पाणीभरल्या पिशवीत सांभाळते. पिशवीतून बाहेर पडणाऱ्या पिलाला पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी कात टाकल्यावर येते. कात टाकणेही दोन हप्त्यांत चालते, आधी मागचा अर्धा भाग आणि एक-दोन दिवसांनी पुढचा. जो पालापाचोळा आपण राबासाठी गोळा करतो, तोच कुजल्यावर याचे अन्न होतो आणि त्याच्या पोटातून मातीला परत मिळतो. जगात याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

जातींपेक्षा नावे अधिक असावीत, असे वाटण्याइतकी या एवढ्याशा जिवाला नावे आहेत. प्राचीन ग्रीकांना त्याच्या राखाडी रंगात गाढव दिसले, म्हणून त्यांनी त्याला ‘छोटे गाढव’ म्हटले. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली एका जातीला शास्त्रीय नाव दिले, ते ‘ओनिस्कस असेलस’. पहिला शब्द ग्रीकमूळचा, दुसरा लॅटिन, आणि दोहोंचा अर्थ छोटे गाढवच! इटलीत आणि स्पेनमध्ये लोकांना तेच अंग डुकराच्या पिलासारखे वाटले. जर्मन माणसाला तो तळघरात भेटला, म्हणून नावात तळघर आले. डेन्मार्कमध्ये त्याला ‘बाकडे चावणारा’ म्हणतात आणि हॉलंडमध्ये ‘अंथरूण ओले करणारा’. पोर्तुगालमध्ये तो ‘मण्याचा किडा’ झाला. इंग्लंडमध्ये तर परगण्यागणिक नाव बदलते. केंटमध्ये ‘माकडाचा वाटाणा’, बर्कशायरमध्ये चीजचा ओंडका या अर्थाचे काहीतरी. आम्हांला सर्वांत आवडले ते जपानी नाव, ‘दांगोमुशी’. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा आणि मुशी म्हणजे किडा. जो गोळी होत नाही, चपटाच पळतो, त्याला तेथे वेगळे नाव आहे, ‘वाराजीमुशी’. वाराजी म्हणजे गवताच्या पेंढ्याची चप्पल. भाताचा देश असल्याची खूण दोन्ही नावांत आहे, आणि गोळी होणारा वेगळा, न होणारा वेगळा, हे निरीक्षण कोण्या प्राध्यापकाचे नसून अंगणात खेळणाऱ्या पोरांचे आहे.

नावांमुळे घोटाळेही झाले. युरोपातल्या जुन्या औषधविक्रेत्यांकडे हे जीव वाळवून औषध म्हणून विकले जात, आणि बरणीवर नाव असे ‘मिलिपीड’, म्हणजे सहस्रपाद. आज शास्त्र ज्याला मिलिपीड म्हणते तो आपला वाणी. तो वेगळ्याच वर्गातला प्राणी आहे. आमच्या बांधाजवळचा ‘पैसा’वरचा वाद तेवढ्यापुरता जागतिक इतिहासाचा भाग आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महाराष्ट्रात या नावांच्या श्रीमंतीचे उत्तम उदाहरण म्हणजे गांडूळ. कोठे त्याला काडू म्हणतात, कोठे दानवे, कोठे शिदोड, कोठे वाळे, तर कोठे केचवा. अमरकोशात त्याला ‘गण्डूपद’ आणि ‘किञ्चुलक’ अशी दोन नावे आहेत. पहिल्यात आपले गांडूळ ऐकू येते, दुसऱ्यात हिंदीतला केंचुआ आणि आपला केचवा. म्हणजे पाड्यावरची आजी ज्याला केचवा म्हणते, तो गावंढळ अपभ्रंश नव्हे. पुस्तकी गांडुळाइतकाच तो जुन्या घराण्याचा शब्द आहे. खेकड्याचेही असेच. घाटावर खेकडा, ठाणे-मुंबईच्या किनाऱ्यावर चिंबोरी, मालवण-गोव्याकडे कुर्ली, शिवाय ओहोळातले किरवे आणि मुठे. अमरकोशातला ‘कुलीर’ कुर्लीत ओळखीचा वाटतो. पहिल्या पावसात रात्री बत्ती घेऊन ओहोळावर गेलेल्या आपल्या वाचकांना यांतला फरक आम्ही काय सांगावा? भाताच्या बांधाला भोक पाडणारा कोणता आणि कालवणाला चवदार कोणता, हे त्यांना नावावरून कळते.

परंतु एक शब्द अनेकांना लागू पडतो तेव्हा काय होते, हेही पाहिले पाहिजे. वाळा म्हणजे कोठे गांडूळ, कोठे गांडुळासारखा दिसणारा बारीक, आंधळा, बिनविषारी साप, आणि शिवाय माठात टाकायचे सुगंधी गवत व बाळाच्या पायातला दागिनाही वाळाच. ‘अंगणात वाळा निघाला’ हे वाक्य ऐकून एका घरी कोणी मान वर करून पाहणार नाही, तर दुसऱ्या घरी काठी शोधली जाईल. त्या सापाचे कित्येकदा विनाकारण प्राण जातात. वाण्याचीही हीच गत. तो चावत नाही. डिवचल्यास वास मारणारा द्रव सोडतो आणि गुंडाळून बसतो. गोम मात्र चावते, आणि मोठी घोण चावली तर भयंकर वेदना होतात. दोघांनाही पुष्कळ पाय, म्हणून ज्याला नावांतला भेद ठाऊक नाही तो दोघांनाही चिरडतो.

घोण या शब्दाशी येऊन आम्ही नेहमी थबकतो. घोण हा बहुपाद प्राणी, आणि घोणस हा अतिविषारी साप. मध्ये एकाच अक्षराचे अंतर. रात्री रडणाऱ्या लहान मुलाच्या तोंडून ते शेवटचे अक्षर निसटले, किंवा ऐकणाऱ्याच्या बोलीत तो शब्दच वेगळ्या जिवासाठी असला, तर अमूल्य वेळ वाया जाऊ शकतो. म्हणून आमच्या वसतिगृहात नियम आहे की चावा कशाचाही असो, नावाचा निवाडा करीत बसायचे नाही. जखम बांधून आवळायची नाही, कापायची नाही, मुलाला चालू द्यायचे नाही, आणि थेट जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाची वाट धरायची. पालकांनीही घरी हाच नियम पाळावा, ही विनंती येथेच करून ठेवतो.

नावाच्या बाबतीत आमच्याकडून घडलेली एक चूकही सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेत गांडुळाचा शेतीला उपयोग विचारला होता. एका मुलाने अर्धे पान भरून उत्तर लिहिले, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शब्द होता काडू. काडू माती खातो, बांधावर मातीच्या बारीक गोळ्या टाकतो, जेथे काडू जास्त तेथे नागली चांगली येते, पाऊस फार झाला की काडू बिळातून वर येतो. त्यातले प्रत्येक वाक्य बरोबर होते, आणि काही गोष्टी पाठ्यपुस्तकातही नव्हत्या. आम्ही त्या उत्तरावर लाल रेघ मारली आणि समासात ‘प्रश्न नीट वाचावा’ असे लिहिले. त्या मुलाने पुढे शास्त्राच्या तासाला स्वतःहून हात वर केल्याचे आम्हांला आठवत नाही. गुणांचे नुकसान भरून निघते. पण घरून आणलेला शब्द वर्गात चालत नाही, हे त्याने त्या दिवशी शिकून घेतले आणि ते आम्ही शिकवले.

आमच्या शाळेला ज्या परंपरेचा आधार आहे, तिच्यात याविषयी फार पूर्वीच विचार झालेला आहे, हे आम्हांला नंतर उमगले. मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात भगवान बुद्धांनी उदाहरण घेतले आहे ते एका साध्या भांड्याचे. त्याच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, आणखी कोठे सराव, कोठे पोण. आपल्याच जनपदाचा शब्द तेवढा खरा, बाकीचे पोकळ, असा हट्ट धरू नये. जेथे जावे तेथले लोक ज्या शब्दाने ती वस्तू ओळखतात, त्या शब्दाने बोलावे, असा त्याचा आशय आहे. त्याच सुत्तात रूढ भाषा सोडून मनाला येईल तसे बोलू नये, हेही सांगितले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की शिक्षकाचे काम स्पष्ट होते. काडू हा शब्द पुसायचा नाही आणि गांडूळ हा शब्द शिकवायचा राहू द्यायचा नाही, कारण कृषी विभागाच्या सूचनेत आणि बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत तोच भेटणार आहे. आता आम्ही उत्तरपत्रिकेत घरचा शब्द आला तर शेजारी प्रमाण शब्द लिहितो आणि गुण पूर्ण देतो.

डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात महाराष्ट्राच्या खंडामध्ये वारली, कोकणा, कातकरी या भाषांना स्वतंत्र स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशा ग्रंथात नात्यांची नावे, रंगांची नावे, गाणी यांनाच जागा पुरते. दगडाखालच्या जिवांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे थकत चालली आहेत, आणि त्यांची नातवंडे वर्षातले दहा महिने आमच्याकडे असतात. म्हणजे त्या नावांच्या आणि मुलांच्या मध्ये आम्हीच उभे आहोत.

यासाठी ग्रंथालयात एक जाड वही ठेवली आहे. सुटीवरून परतताना प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून एका जिवाचे नाव आणायचे, खाली पाड्याचे नाव आणि बोली लिहायची, आणि तो जीव काय खातो, कधी दिसतो, चावतो की नाही, हे दोन ओळींत सांगायचे. माजी विद्यार्थ्यांनी मेळाव्याला येताना आपल्या आईकडून किंवा आजीकडून असे एक नाव घेऊन यावे. ते फोनवर सांगितले तरी चालेल, पण उच्चार सावकाश सांगावा. आमचे कान घाटावरचे आहेत. गांडुळाची पाने भरत आली आहेत, खेकड्यांना जागा अपुरी पडते आहे. गोळी होणाऱ्या त्या राखाडी जिवासाठी सुरुवातीची दोन पाने राखून ठेवली आहेत.