पोथी आणि पडदा : भाग ७ – 'श्यामची आई'मधले कीर्तन

'श्यामची आई'तील 'देवाला सारी प्रिय' या 'रात्री'ची, म्हणजे भागाची, चर्चा या आठवड्यात करण्याचे योजले होते. परंतु बोईसरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे, की त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे इष्ट नाही. प्रश्न असा, की छडीचे ते सुप्रसिद्ध शाळेचे गाणे साने गुरुजींच्या पुस्तकात कोठेच नसताना आचार्य अत्रे यांनी ते पुस्तकावरील आपल्या चित्रपटात का घातले, आणि ज्या घरांत हे पुस्तक पोथीसारखे वाचले जाते, त्या घरांतील वाचकाला ते गाणे उपरे वाटले तर त्याचे काही चुकते का. या प्रश्नाचे उत्तर गाण्यापाशी नसून पुस्तकाच्या घडणीपाशी आहे.

'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, हे सर्वश्रुत आहे. तिचे भाग मात्र प्रकरणे नसून 'रात्री' आहेत, आणि या रचनेकडे द्यावे तितके लक्ष आजवर दिले गेलेले नाही. आश्रमातील सायंप्रार्थना आटोपते, मंडळी जमतात, आणि मग श्याम आपल्या आईची एखादी आठवण सांगू लागतो. आठवण संपली की ती रात्र संपते. दररोज ठरावीक वेळी, प्रार्थनेनंतर, जमलेल्या श्रोत्यांपुढे, एका बैठकीत एकच कथाभाग सांगायचा, ही पद्धत कादंबरीची नव्हे. ती पुराणाची आणि कीर्तनाची पद्धत आहे. कितीतरी घरांत हे पुस्तक रोज एक रात्र याप्रमाणे मोठ्याने वाचले गेले, त्याचे कारण पुस्तकाच्या या बांधणीतच आहे. अशा वाचनाला 'पारायण' म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

येथे कीर्तनाच्या अंगांचा थोडा विचार करावा लागेल. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पहिल्या भागाला 'पूर्वरंग' म्हणतात. त्यात एखादे पद किंवा अभंग घेऊन त्यातील तत्त्वाचे विवरण, म्हणजे 'निरूपण', केले जाते. दुसरा भाग 'उत्तररंग'. त्यात ते तत्त्व ज्यातून प्रत्ययाला येईल असे एखादे चरित्र किंवा कथा सांगितली जाते, तिला 'आख्यान' म्हणतात. वारकरी कीर्तनात असे दोन रंग काटेकोरपणे वेगळे केलेले नसतात, तेथे अभंगाचे निरूपण हाच कणा असतो. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या सोनोपंत दांडेकरांच्या वारकरी परंपरेशी परिचित असलेल्या या परिसरातील वाचकांना हा भेद अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही. पुस्तकातील श्याम या दोन्ही गोष्टी करतो, पण त्यांचा क्रम पाळत नाही: तो आख्यान सांगता सांगता मध्येच थांबतो, निरूपण करू लागतो, आणि पुन्हा आईकडे वळतो.

सहावी रात्र, 'थोर अश्रू', या दृष्टीने पाहावी. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो, आई आपल्या नेसत्या वस्त्राचा भाग धोंड्यावर पसरते, श्याम त्यावर पाय टिपून टुणकन घरात जातो, आणि मग आई त्याला सांगते की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. चित्रपट पाहिलेल्या कोणालाही हा प्रसंग आठवतो, किंबहुना पुष्कळांच्या मनात 'श्यामची आई' म्हणजे हाच प्रसंग असतो. परंतु रात्रीचे नाव 'पाय' नाही, 'अश्रू' आहे. पुस्तकात आईचे बोल संपल्यावर प्रौढ श्याम पुढे बोलत राहतो: शरीर मळले की माणूस अस्वस्थ होतो, पण मन मळले म्हणून रडणारा विरळा, अशा आशयाचे ते निरूपण आहे आणि रात्रीचे नाव त्यातून आलेले आहे. पडद्यावर हा प्रसंग आईच्या बोलाशी पूर्ण होतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते ते आईच्या मायेमुळे. पुस्तकाला अपेक्षित असलेले पाणी मनाच्या मळासाठी आहे. हे दोन अश्रू एक नाहीत, आणि पुस्तकाचा धार्मिक आशय दुसऱ्या अश्रूंत आहे, असे या लेखमालेचे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ अत्रे यांनी निरूपण टाकून दिले असा मात्र घेऊ नये. दोन-तीन तासांच्या चित्रपटात प्रवचन चालत नाही, हे त्यांच्यासारख्या नाटककाराला कळत होते. म्हणून निरूपणाचे काम त्यांनी गाण्यांवर सोपवले. कवी यशवंत यांची 'आई' ही कविता मूळ पुस्तकाचा भाग नाही, ती चित्रपटात घेतली गेली, आणि हे कृत्य थेट कीर्तनकाराचे आहे, कारण कीर्तनकारही आख्यानाच्या ऐन भरात कधी मोरोपंतांची आर्या, तर कधी एखाद्या संताचे पद घेतो आणि त्याला कोणी परके मानत नाही. कृष्णाच्या कापलेल्या बोटाला बांधण्यासाठी द्रौपदीने आपले उंची वस्त्र फाडले, ही कथा सांगणारे गाणे तर अत्रे यांनी स्वतःच लिहिले. वसंत देसाई यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर लाभलेले ते गाणे म्हणजे कीर्तनातला 'दृष्टान्त', म्हणजे तत्त्व पटवण्यासाठी दिलेले कथारूप उदाहरण होय. 'झेंडूची फुले' लिहिणाऱ्या विडंबनकाराच्या लेखणीतून इतके निर्मळ भक्तिगीत उतरावे, ही मराठी गीतलेखनातील मोठ्या आनंदाची घटना आहे.

आता छडीचे गाणे. रंगलेल्या कीर्तनात बुवा मध्येच विनोद करतात, श्रोते मनमोकळे हसतात, आणि हसून सैल झालेल्या मनावर पुढचा करुण प्रसंग अधिक खोल उतरतो. हा विनोद कीर्तनाच्या अंगचाच असतो. पुस्तकातील दुःख बेचाळीस रात्रींत विभागलेले असल्यामुळे वाचकाला दोन रात्रींमध्ये एक दिवस विश्रांतीचा मिळतो. प्रेक्षकाला तो मिळत नाही, कर्ज, अपमान, आजारपण आणि मृत्यू एका बैठकीत त्याच्यावर येतात, आणि म्हणून ती विश्रांती चित्रपटाच्या आतच निर्माण करावी लागते. शिवाय अत्रे स्वतः हाडाचे शिक्षक, 'नवयुग वाचनमाले'चे कर्ते. शाळेचा वर्ग त्यांना परका नव्हता. वाचकाला गाणे उपरे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते अस्थानी नाही.

जेथे निरूपणाची गरजच नाही, तेथे चित्रपट पुस्तकाच्याही पुढे जातो, हेही नमूद केले पाहिजे. बाराव्या रात्री पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते, नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिलाच भरून येते. येथे आई झालेल्या वनमाला यांच्या चेहऱ्यावरचा राग आणि श्याम झालेल्या माधव वझे यांच्या अंगातली भीती जे सांगतात, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले, ते अशा जागांमुळे सार्थ वाटते.

लांबणीवर पडलेली 'देवाला सारी प्रिय' ही रात्र पुढील आठवड्यात घेतली जाईल. ज्या दिवसांत ती लिहिली गेली, त्याच दिवसांत, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, आणि ज्या नाशकाच्या तुरुंगात ती लिहिली गेली, त्याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून सुरू होता, या दोन गोष्टींच्या प्रकाशात तिचे वाचन करायचे आहे. अस्पृश्य म्हातारीला मोळी उचलून दे आणि मग येऊन अंघोळ कर, असे श्यामला सांगणाऱ्या आईच्या धर्माचे मोल कसे करायचे, हा त्या भागाचा विषय असेल. वाचकांनी तोवर ती एक रात्र, शक्य झाल्यास घरातल्या मुलांसमोर मोठ्याने, वाचून ठेवावी.