आंखूड पत्त्यामागची वही

तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यांत, चांगदेव नांवाचें गांव आहे व तेथें चांगदेवांचें प्राचीन देऊळ आहे. याच चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस धाडलेल्या कोऱ्या पत्राची कथा आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. वयानें धाकट्या, परंतु ज्ञानानें वडील अशा पुरुषास 'चिरंजीव' लिहावें कीं 'तीर्थरूप', हा निर्णय होईना. तेव्हां कागद कोराच गेला आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, असें परंपरा सांगते. कागदावर अक्षर नव्हतें, तरी पत्र पोंचलें. कारण तें कोणाचें व कोणाकडे न्यावयाचें, हें नेणारा जाणत होता.

आंतरजालावर सध्यां जे आंखूड पत्ते फिरतात, त्यांची जात कांहीं अंशीं या कोऱ्या पत्राचीच आहे. पांच-सहा अक्षरांच्या त्या दुव्याला स्वतःचा अर्थ नसतो. वाचकास कोठें न्यावयाचें, हें दुसऱ्याच कोणाच्या तरी वहींत लिहिलेलें असतें. तेव्हां दुवा किती लहान झाला यापेक्षां ती वही कोण व कशी ठेवतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

मराठीची विशेष अडचण

पत्ता आंखूड करण्याची गरज इंग्रजीपेक्षां आपल्या भाषेस अधिक आहे. मराठी विकिपीडियावरील मुक्ताईनगरचा लेख कोणास पाठवावयाचा असें समजा. देवनागरींतील प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो, काना असो वा उकार असो, यंत्राच्या नोंदींत तीन घटक व्यापतें. तोच पत्ता उतरवून घेऊन दुसरीकडे चिकटविला म्हणजे पुष्कळदां त्याला जुनें रोमन रूप येतें, आणि त्या रूपांत प्रत्येक घटकास टक्क्याची एक खूण व पुढें दोन अक्षरें, अशीं तीन स्थानें लागतात. 'मुक्ताईनगर' या शब्दांत उकार, हलन्ताची खूण व काना धरून १० चिन्हें आहेत. त्यांचीं ९० अक्षरें होतात! रोमन लिपींत हेंच नांव ११ अक्षरांत भागतें. टक्क्यांच्या खुणांनीं भरलेली ती माळ पाहून घरांतील वडीलधाऱ्या माणसानें 'हें काय आलें आहे?' असें विचारलें, तर त्यांत त्यांचा दोष नाहीं.

ही अडचण ओळखून कांहीं भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर लेखाच्या अनुक्रमांकावरून लहान दुवा देण्याची सोय पूर्वींच झाली होती. पुढें २०१९ मध्यें विकिमीडिया संस्थेनें स्वतःच्या सर्व प्रकल्पांकरितां एकच लघुदुवा-सेवा सुरू केली.

जुनीच कल्पना

लांब पत्त्याऐवजीं ठरीव खूण वापरण्याची युक्ति नवी नव्हे. परदेशीं जाणाऱ्या तारेंत पत्त्याच्या शब्दांचेही पैसे पडत. म्हणून मोठ्या पेढ्या तारखात्याकडे वर्गणी भरून एका शब्दाचा पत्ता नोंदवून ठेवीत. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली आणि ते पत्तेही तिच्याबरोबर गेले.

याहून थोर उदाहरण एका महाराष्ट्रीय विद्वानाचें आहे. संस्कृत कवि व टपालखात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेप्रमाणें १५ ऑगस्ट १९७२ पासून देशांत सहा अंकी पिनकोड सुरू झाला. मुक्ताईनगरचा पिनकोड ४२५३०६. त्यांतील पहिला अंक पश्चिमेकडील विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा दाखवितात व शेवटचे तीन टपालकचेरी ठरवितात. येथें एक भेद लक्षांत ठेवावा. पिनकोडाचे अंक दिशा सांगतात. लघुदुव्याचीं अक्षरें कांहींच सांगत नाहींत. म्हणूनच लघुदुवा चालविणाऱ्याची जबाबदारी टपालखात्याहूनही नाजूक ठरते.

वही कशी चालते

अशी पहिली प्रसिद्ध सेवा 'टायनी-यूआरएल' ही २००२ मध्यें केव्हिन गिल्बर्टसन या अमेरिकन गृहस्थानें काढली. एकचाकी सायकलीच्या छंदी मंडळींना पाठविलेले लांब पत्ते मध्येंच तुटत, हें तिचें निमित्त. पुढें ट्विटरवर १४० अक्षरांची मर्यादा आल्यामुळें या सेवांना तेजी आली. २००८ मध्यें निघालेली 'बिट्ली' ही त्यांतलीच.

यंत्रणेचा गाभा अगदीं सोपा आहे. कोणी लांब पत्ता दिला कीं तो वहींत नोंदावयाचा, त्यास अनुक्रमांक द्यावयाचा, आणि तो अंक लहान-मोठीं रोमन अक्षरें व दहा अंक अशा ६२ चिन्हांत लिहावयाचा. सहा स्थानांत अशा रीतीनें सुमारें ५,६८० कोटी पत्ते बसतात. वाचकानें लघुदुवा उघडला म्हणजे सेवेचें यंत्र वही पाहतें आणि 'खरा मुक्काम अमुक ठिकाणीं' असें सांगून त्याला पुढें पाठवितें.

हें सांगणें दोन प्रकारचें असतें. मुक्ताईनगरचें जुनें नांव एदलाबाद; २००४ च्या निवडणुकीपर्यंत विधानसभेचा मतदारसंघही त्याच नांवाचा होता. तेथें नांव कायमचें बदललें. परंतु परीक्षेपुरता मामाकडे राहावयास गेलेल्या मुलाचा पत्ता तात्पुरता असतो. आंतरजालावर पहिल्या प्रकारास ३०१ व दुसऱ्यास ३०२ हा संकेतांक आहे. कायमचा संकेत दिला कीं वाचकाचें यंत्र तो लक्षांत ठेवतें व पुन्हां विचारावयास येत नाहीं. काम जलद होतें, परंतु मागाहून मुक्काम बदलला तर तें त्यास कळत नाहीं. तात्पुरता दिला तर चूक सुधारतां येते, मात्र प्रत्येक वेळीं वही उघडावी लागते. यांतलें कोणतें निवडावें हें कामाच्या स्वरूपावरून ठरवावें.

सुधारणा कोणत्या?

पहिली सुधारणा अक्षरांची. शून्य आणि मोठें ओ, एक, लहान एल आणि मोठें आय हीं चिन्हें छापील कागदावर एकमेकांसारखीं दिसतात. हीं पांच गाळलीं तर ५७ उरतात, व सहा स्थानांत सुमारें ३,४२९ कोटी पत्ते तरीही मिळतात. विकिमीडियाच्या सेवेनें हाच मार्ग पत्करला आहे.

दुसरी सुधारणा गुप्ततेची. २०१६ मध्यें मार्टिन जॉर्जिएव्ह व विटाली श्माटिकोव्ह या संशोधकांनीं पांच-सहा अक्षरांचे दुवे यंत्राकडून एकामागून एक तपासून पाहिले, तों अनेकांचे खासगी दस्तऐवज व नकाशांवरील प्रवासाचे मार्ग त्यांच्यासमोर उघडे पडले. 'मीं दुवा घरच्या माणसांनाच दिला आहे' ही समजूत पुरेशी नाहीं. आंखूड पत्ता अंदाजानेंही सांपडतो. ओळीनें क्रमांक न देतां सोडतीसारखीं अक्षरें द्यावीं, व खासगी वस्तूसाठीं तीं अधिक ठेवावीं, हा त्यावरील उपाय.

तिसरी सुधारणा फसवणुकीविरुद्ध. 'वीजबिल थकलें आहे, आज रात्रीं जोडणी तोडूं' अशा धमकीखालीं आंखूड दुवा असतो, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाची पेन्शन क्षणांत नाहींशी होते. लघुदुवा मुक्काम झांकतो, म्हणूनच तो लबाडाला प्रिय आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें १ ऑक्टोबर २०२४ पासून, आधीं नोंदून न घेतलेले दुवे असलेले व्यापारी एसेमेस अडविण्याचा नियम लागू केला. परंतु व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या दुव्यांना ही चाळणी नाहीं. यासाठीं सेवा चालविणारानें पुढें पाठविण्यापूर्वीं खरा पत्ता दाखविण्याची सोय ठेवली पाहिजे व वाईट पत्ते वेळोवेळीं काढून टाकले पाहिजेत.

मालक गेला तर?

सर्वांत मोठा प्रश्न शेवटीं उरतो. गूगलनें २००९ मध्यें काढलेली 'गू.जीएल' ही सेवा २०१९ मध्यें नव्या दुव्यांसाठीं बंद झाली. २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुने दुवेही चालणार नाहींत, असें जुलै २०२४ मध्यें जाहीर झालें. मागाहून वापरांत असलेले दुवे राखण्याचें ठरलें, परंतु निजलेले दुवे गेलेच. बिट्लीच्या पत्त्याचा शेवटचा 'एलवाय' हा भाग तर लिबिया देशाचा आहे, आणि २०१० मध्यें तेथील नोंदणी-कचेरीनें याच प्रकारच्या एका सेवेचें नांव काढून घेतलें होतें. एवढ्या कंपनीची ही गत, तर एखाद्या हौशी तरुणानें काढलेल्या सेवेचें काय होईल?

यास उत्तर आहे, आणि तें विकिमीडियानें दाखविलें आहे. आपल्या लघुदुव्यांची संपूर्ण यादी ती संस्था वेळोवेळीं जाहीर करते. यंत्र बंद पडलें तरी वही हरवत नाहीं. शिवाय ही सेवा स्वतःच्याच प्रकल्पांचे पत्ते आंखूड करते, त्यामुळें लबाडास तेथें जागा नाहीं.

खानदेशांतील एखाद्या महाविद्यालयानें, ग्रंथालयानें वा केळी-बागाईतदारांच्या संस्थेनें स्वतःची अशी सेवा काढावयाची म्हटलें, तर यंत्रणा एखादा हुशार विद्यार्थी आठवड्याभरांत उभी करील. परंतु तिचें नांव दरवर्षीं कोण नूतन करणार, वहीची प्रत कोठें राहणार, आणि तो विद्यार्थी नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यावर ती कोण संभाळणार, हें आधीं कागदावर लिहून मग कामास लागावें. आणि गृहस्थांनीं व गृहिणींनीं आपल्यापुरता एवढा नेम ठेवावा: कुलवृत्तांत, जुने दस्तऐवज, मुलांचीं प्रमाणपत्रें यांच्या टिपणांत मूळ लांब पत्ता अवश्य लिहावा, आंखूड पत्ता केवळ पाठविण्यापुरता वापरावा, आणि अनोळखी आंखूड दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वीं, तो पाठविणाऱ्यास फोन करून विचारावें.