म्हाताऱ्या माणसाचा घास अडतोय? वयावर ढकलू नका

गोठ्यातल्या बैलानं एक दिवस वैरणीला तोंड लावलं नाही, तर आपण लगेच गुरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडतो. पण घरातलं म्हातारं माणूस महिनोन् महिने अर्धी भाकरी ताटात टाकून उठतं, तेव्हा मात्र "वय झालं, आता असंच चालायचं" म्हणून गप्प बसतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, घास न उतरणं म्हणजे नुसतं म्हातारपण नव्हे. तो आजार असू शकतो आणि पुष्कळदा त्यावर इलाजही असतो.

गिळायला त्रास होण्याची कारणे अनेक आहेत. दात पडलेले असतात, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो, कंपवात असतो, कधी अन्ननलिकेचा कर्करोगही असतो. आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे घशात तयार होणारी पिशवी. जर्मन डॉक्टर झेंकर यांनी १८७७ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला झेंकरची पिशवी म्हणतात. आजार तसा विरळा. होतो तो बहुधा सत्तरीच्या पुढे, आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त.

ही पिशवी होते कशी? रात्री शेतात दारं धरणाऱ्याला हे चटकन उमजेल. घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथं स्नायूचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं, गेला की मिटतं. उतारवयात हे कडं ताठर होतं, पुरतं उघडत नाही. पाटाचं दारं वेळेवर उघडलं नाही, तर पाणी तुंबून कच्च्या जागी बांध फुगवतं. तसंच कड्याच्या वर, घशाच्या मागच्या भिंतीतली कच्ची जागा घासाच्या दाबानं हळूहळू बाहेर फुगते. मग अन्न पोटात जायचं सोडून त्या पिशवीत साठू लागतं.

याच्या खुणा लक्षात ठेवा. घास गळ्याशी अडतो. जेवताना ठसका लागतो. पाणी पिताना मानेत गुडगुड वाजतं. तोंडाला घाण वास येतो. आणि मुख्य खूण म्हणजे सकाळी खाल्लेलं अन्न दुपारी, संध्याकाळी जसंच्या तसं तोंडात येतं. ते आंबट लागत नाही, कारण ते पोटात पोचलेलंच नसतं. रक्तदाबाची गोळीसुद्धा पिशवीतच अडकून राहू शकते.

धोका कुठे आहे? रात्री आडवं झाल्यावर पिशवीतलं अन्न श्वासनलिकेत उतरतं. त्यातून खोकला आणि न्यूमोनिया होतो. दुसरीकडे उपासमारीनं वजन घटतं. म्हातारं माणूस अशानं दगावू शकतं.

तेव्हा त्रास दिसला की कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. बेरियम नावाचं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला की पिशवी स्पष्ट दिसते. पिशवी लहान असून त्रास नसेल, तर काही करावं लागत नाही. त्रास असेल, तर शस्त्रक्रियेनं इलाज होतो. पुष्कळांना ती तोंडावाटे दुर्बीण घालून करता येते. पिशवी असल्याचं माहीत असेल, तर घशात नळी किंवा दुर्बीण घालण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. नाहीतर पिशवीला भोक पडण्याचा धोका असतो.

घरी काय करावं? ताठ बसवून जेवू घाला. घास लहान, मऊ, नीट चावलेला असू द्या. जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. अडलेला घास केळ्यानं किंवा भाताच्या गोळ्यानं ढकलू नका. वजन झपाट्यानं घटत असेल, आवाज बसला असेल, रक्त पडत असेल किंवा तंबाखूची सवय असेल, तर एक दिवसही दवडू नका. थुंकीही गिळता येत नसेल किंवा दम लागला असेल, तर तडक मोठा दवाखाना गाठा.

सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताईंनाही एक विनंती. ग्रामसभेत हा विषय काढा. "जेवण उतरतंय का?" एवढा एक प्रश्न गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारा. ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. ते काढून द्या. कोणता इलाज त्यात बसतो, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ज्यांनी आपल्याला घास भरवला, त्यांचा घास अडला तर कारण शोधणं हे आपलंच काम आहे.