वारस फेरफार : घराण्याच्या इतिहासाचे साधन

मृत्युपत्रांच्या प्रोबेटची दप्तरे मुंबईच्या उच्च न्यायालयात आहेत. परंतु वाशीमकडील शेतकरी घराण्यांचा माग तेथे क्वचितच लागावा. आपल्याकडे त्यासाठी गाव नमुना ६ अर्थात फेरफार नोंदवही, आणि ६-क ही वारस नोंदवही पाहावी. सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून एकेक पिढी मागे जाता येते. भाटांच्या वंशावळीत सहसा न आढळणारी विधवेची व लेकींची नावे येथे सापडतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर तर विशेषच. हक्कसोडपत्र करून दिलेली बहीणही फेरफारात नावानिशी दिसते. वाशीम जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला. म्हणून जुन्या कागदांची चौकशी अकोला येथेही करावी.